सातव्या खांबाची ऊब

१

हजीऱ्यातल्या सोनिकाच्या नव्या घराला आठ खांब होते, आणि रोज सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी ती त्या आठांची विचारपूस करून यायची.

कडेवर आठ महिन्यांची अवंतिका, मोकळ्या हातात फोन. खांबाशी जाऊन उभं राहायचं. पडद्यावर त्या खांबाचे दोन आकडे उमटायचे: आत ऊब किती, ओल किती. मग फोन कमरेला खोचायचा, वही ओट्यावर टेकवून आकडे लिहायचे, आणि पुढचा खांब. आठ झाले की पानाचा फोटो मंजिरी मॅडमना. सोनिकाची शाळा सातवीतच सुटलेली, पण अक्षर मोत्यासारखं. मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमचं पान मी थीसिसमध्ये जसंच्या तसं चिकटवणार बघा."

मंजिरी मॅडम कॉलेजात संशोधन करायच्या. गेल्या उन्हाळ्यात घराचं काम निघालं तेव्हा त्या स्वतःहून आल्या होत्या. जमीन भरावाची, खांबांवर लक्ष ठेवायला हवं, असं म्हणाल्या. त्यांच्याकडे काडेपेटीएवढ्या डब्या होत्या, सेंसर म्हणायच्या त्यांना. खांबाच्या सळयांना डबी तारेनं बांधायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. डबी आतच राहणार आणि वर्षानुवर्षं आतली बातमी बाहेर देत बसणार. वायर नाही, काही नाही. दहा पावलांत फोन असला की पुरे.

"फ्री में मिल रहा है, लावून घेऊ," सोनिकाचा नवरा समरजीत म्हणाला होता. "आपलं काय जातंय?"

"बाईच्या पोटातलं कुणाला कळत नाही," सासूबाई लीलाताई म्हणाल्या होत्या, "आणि आता भिंतीच्या पोटातलं कळणार. कळू दे बापडं."

त्या दिवशी जानेवारीतला कोहरा असा दाटला होता की समोरच्या दवाखान्याची पाटीसुद्धा दिसत नव्हती. पहिला खांब ९.४. दुसरा ९.१. तिसरा, चौथा, सगळे नवाच्या आसपास कुडकुडत होते. सातवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला, पाण्याच्या माठाशेजारचा. सोनिकानं आकडा लिहिला, आणि पेन उचलताना तिचा हात थबकला.

३६.७.

तिनं खांबाला तळवा लावला. बर्फाची लादी. अवंतिकानंही आईचं बघून आपला पंजा लावला आणि खुदकन हसली.

सोनिकानं वहीची मागची पानं उलटली. दिवाळीत राहायला आल्यापासून तिचेच आकडे होते. लिहिणारा हात लिहीत जातो, डोकं पोरीपाशी असतं, म्हणून इतके दिवस दिसलं नव्हतं. थंडी पडत गेली तसे सात खांब पायरी पायरीनं खाली उतरले होते. सातवा उतरलाच नव्हता. ३६.५, ३६.८, ३६.६. रोज.

२

"सेंसर बहकलाय," मंजिरी मॅडम म्हणाल्या. रोजचे फोटो त्या नुसते साठवत होत्या, सोनिकानं कळवल्यावर रविवारी स्वतः बघायला आल्या होत्या. लीलाताईंनी त्यांना बसवून बाजरीचा खिचडा आणि वर तुपाची धार घातली होती, त्यामुळे बोलणं जेवताजेवताच चाललं होतं.

"बहकतो म्हणजे?"

"म्हणजे वेडा होतो हो. काँक्रीट जमताना तापतं, ते खरं. पण ते दोन-चार दिवस. मग बाहेरची हवा जशी, तसा खांब. सात महिन्यांनी छत्तीस कुठून येणार?"

"माठाला ताप आला असेल," समरजीत म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो," सोनिका म्हणाली, पण तिला हसू आलं नाही. तिला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मॅडमना सांगण्याजोगी नव्हती.

अवंतिका त्याच शहरातल्या दाना ओलीत, सोनिकाच्या माहेरी जन्मली. नाळ गळून पडली तेव्हा दोन्ही आज्यांत जुंपली. सोनिकाच्या आईला ती तुळशीच्या कुंडीत पुरायची होती. लीलाताईंनी निरोप धाडला: जिथं नाळ पुरतात तिथं माणूस रुजतं, पोर आमची आहे, नाळ हजीऱ्याला आली पाहिजे. मग सव्वा महिना झाल्यावर सोनिका ती वाळकी नाळ पिवळ्या चिंधीत गुंडाळून इथं घेऊन आली. पाहते तर अंगणच उरलं नव्हतं. सगळीकडे पाया, सळया आणि फळ्या.

"आता गं?" लीलाताई म्हणाल्या होत्या. मग त्यांची नजर सातव्या खांबाकडे गेली, तिथल्या फळ्या अजून ठोकायच्या होत्या. "खांबात घाल. खांब काय आणि जमीन काय. उलट पोर ताठ उभी राहील."

सोनिकानं पुरचुंडी सळयांमध्ये बांधली. वेगळी तार हाताशी नव्हती. सेंसरच्या तारेचं एक टोक मोकळं लोंबत होतं, तिनं तेच पुरचुंडीला दोन वेढे दिले. संध्याकाळी काँक्रीट ओतलं गेलं.

एवढंच. यात काय आहे? कॉलेजात संशोधन करणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती हसेल. सोनिकानं मॅडमच्या ताटात आणखी एक डाव खिचडा घातला आणि विषय संपवला.

३

एका मंगळवारी सातव्याचा आकडा ३८.९ आला.

अवंतिका मजेत होती. लीलाताईंची चष्म्याची डबी चघळत होती. ओल वाढली असेल, सोनिकानं स्वतःला समजावलं, मॅडम म्हणाल्याच ना, वेडा आहे. ती कामाला लागली, पण दर थोड्या वेळानं येऊन पोरीचं कपाळ चाचपून जात होती.

"काय गं सारखी? पोर आहे का भाजी आहे, शिजली का बघायला?" लीलाताई म्हणाल्या.

दुपारी दोनला कपाळ तापलं. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, घसा लाल आहे म्हणाल्या, थेंब दिले. घरी येऊन सोनिकानं काखेत थर्मामीटर धरला. त्याचं कुठलंसं बटण अवंतिकानं सकाळीच चावून चावून दाबून ठेवलं होतं, म्हणून नेहमीचा शंभराच्या घरातला आकडा न येता सेल्सियसमधला आला.

३८.९.

सोनिका तो आकडा बघत राहिली. माठातून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि खाली वाटीत टप टप आवाज येत होता, तेवढाच घरात आवाज. हा ताप दुपारी चढला. खांबाला सकाळीच चढला होता.

दोन दिवसांनी पहाटे खांब ३६.८ वर आला. सकाळी नऊला अवंतिकाला घाम सुटून ताप उतरला.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आधार वाटला. पहिलटकरणीला जीव टांगणीला लागलेला असतो. पोर जरा शिंकली तरी झोप उडते, आणि इथं कुणीतरी तिच्या आधी जागं होऊन पोरीची खबर देत होतं. आता उठल्यावर ती आधी सातव्यापाशीच जायची. आकडा नीट असला की खांबावरून हात फिरवायची, जसा झोपल्या पोरीवरून फिरवावा. एकदा अवंतिकाच्या गालाला काजळाची तीट लावताना तेच बोट तिनं खांबालाही टेकवलं. वितभर उंचीवर, कुणाला दिसणार नाही असं.

लीलाताईंना दिसलंच.

"त्याला कुणाची नजर लागणार आहे गं?"

सोनिका ओशाळली. लीलाताई पुढे झाल्या, आणि तीट फिकी लागली होती ती त्यांनी आपल्या अंगठ्यानं नीट काळी केली.

४

मग मंजिरी मॅडमचा निरोप आला. शुक्रवारी येऊन सातवा सेंसर काढणार. वरचेवरच आहे, दोन इंच खरवडलं की निघेल, खांबाला धोका नाही, लगेच सिमेंटचा मसाला भरून देऊ.

सोनिकानं फोन लावला. "राहू द्या ना मॅडम. एकच तर आहे."

"अहो, एक वेडा ठेवला तर बाकी सात शहाण्यांवर कोण विश्वास ठेवणार? मला काढून बघावंच लागेल त्याला झालं काय ते. आणि तुम्ही त्या खांबाची एवढी काळजी का करताय? माझ्यापेक्षा तुम्हीच चांगल्या इंजिनियर झालात."

त्या संध्याकाळी मेथी निवडताना सोनिकानं लीलाताईंना सगळं सांगितलं. वही दाखवली. ताप, तारीख, वेळ. लीलाताई थट्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि मेथीची काडी हातात तशीच धरून बसल्या.

"तारेला बांधलीस? त्याच तारेला?"

"हो, आईसाहेब. दुसरी नव्हती."

"म्हणजे ते ओढलं की ही येणार."

"तुम्हाला खरं वाटतंय?"

"मला काय वाटायचं? तुझ्या नवऱ्याची नाळ या घराच्या उंबऱ्याखाली होती. गेल्या वर्षी जुनं घर पाडायला मशीन आणलं, त्या दिवशी तो दिवसभर पोट धरून पडला होता. समोसा बाधला म्हणाला." लीलाताईंनी काडी खुडली. "समोसाच असेल."

शुक्रवारी सकाळी सोनिकानं अवंतिकाला स्वेटर, कानटोपी, वरून शाल असं बांधलं आणि ई-रिक्शा करून दाना ओलीला माहेरी गेली. घणाचा आवाज पोरीच्या कानावर नको, असं समरजीतला सांगितलं. निघताना लीलाताईंच्या कानात म्हणाली, "पुरचुंडी निघाली तर टाकू देऊ नका."

"मी काय मेले आहे?" लीलाताई म्हणाल्या. तसं बोललं की सोनिकाला बरं वाटायचं.

५

दाना ओलीतली माहेरची खोली म्हणजे एका दमात मोजता येईल एवढी. खाली पापडवाल्याचं दुकान, भिंतीपलीकडे कुणाचं तरी शिलाई मशीन. सोनिकाची आई सुमनताई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. अकरा वाजले. अवंतिका स्टीलची वाटी जमिनीवर आपटत होती. सव्वाअकरा. वाटी वाजत होती. बघ, सोनिका मनात म्हणाली, काही होत नाही. वाळकी नाळ ती, नखासारखी, केसासारखी. तिला काय दुखतं?

अकरा चाळीसला वाटी वाजायची थांबली.

अवंतिका रडली नाही. नुसती बसून राहिली, वाटी हातात, समोर बघत, जसं कुणी हाक मारली आणि ती कुठून आली ते कळेना.

फोन वाजला. समरजीत.

"निकल गया," तो म्हणाला. "आणि सुन, गंमत. डबी मेलेलीच होती. मॅडमनी उघडली, आत सिमेंटचं पाणी शिरून सगळं सडलंय. म्हणतात पहिल्या आठवड्यातच खलास झाली असणार."

"मग रोजचे आकडे?"

"तेच तर. डोकं खाजवत बसल्यात."

"आणि तारेला काही होतं का?"

"आईसाहेबांनी काहीतरी चिंधी झडप घालून घेतली. कमरेला खोचून बसल्यात, कुणाला दाखवत नाहीत."

सोनिकानं फोन ठेवला. आणि मग सवयीनंच, रोज बोट जातं तसं, खांबांचा पडदा उघडला. हजीरा इथून कितीतरी लांब. आठही नावं राखाडी असायला हवी होती.

सात राखाडी होती. सातवं पेटलेलं होतं.

११.३. ओल ९१. शेजारी सिग्नलच्या चारही काड्या भरलेल्या.

जुना आकडा अडकला असेल. पण जुना तर कधी अकरा नव्हताच. ती उठून जिन्यात गेली. काड्या तीन झाल्या. दोन पायऱ्या उतरली, दोन. परत खोलीत आली, पोरीजवळ बसली, चार.

तिनं अवंतिकाचा पाय मोज्यातून काढून हातात घेतला.

थंडीत पोरांचे पाय गार पडतातच. तिला माहीत होतं. पण हा गारवा तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी ती त्यालाच तळवा लावत होती.

"आई, थर्मामीटर."

त्यानं आकडा दाखवलाच नाही. नुसतं 'लो' असं आलं.

"बॅटरी गेली असेल गं," सुमनताई म्हणाली.

सोनिकानं तो आपल्या काखेत धरला. टीं टीं झालं. आकडा आला, चांगला, माणसाचा.

सुमनताईनं तो आकडा बघितला आणि आपली लोकरीची शाल अंगावरून उतरवली. "हिला पोटाशी धर. डॉक्टरीणबाई तुमच्या समोरच ना? चल, मी पण येते."

६

ई-रिक्शा सराफा बाजारात अडकली. पुढे लग्नाची खरेदी करणारं कुठलंसं मोठं कुटुंब रस्त्यातच उभं होतं. सोनिकानं पोर स्वेटरच्या आत, अंगाला अंग लावून धरली होती. गालाला गाल लावला की वाटे, भिंतीला टेकले आहे. पोर मात्र शांत, डोळे उघडे, आईकडे बघून मधूनच हसत होती. ते हसणं बघून सोनिकाला रडू आलं. तिनं उजव्या हातानं घरी फोन लावला.

"आईसाहेब, पुरचुंडी?"

"माझ्यापाशी आहे." पलीकडे लीलाताईंचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "निघाली तेव्हा ऊन होती गं, भाकरीसारखी. आता गार होत चाललीय. मी पोटाशी धरलीय, पण..."

"खांब बुजवू नका. मी येईपर्यंत बुजवू नका."

दारातच समरजीत उभा. त्यानं पोरीला हात लावला आणि त्याची थट्टा तोंडातच राहिली. तो चपला न घालता समोर दवाखान्याकडे पळाला. सोनिका थेट स्वयंपाकघरात गेली. सातव्या खांबाला वितभर उंचीवर मुठीएवढं भोक. काजळाची तीट निम्मी गेलेली. खाली फरशीवर खडे, छिन्नी आणि घमेल्यात कालवलेला मसाला. मंजिरी मॅडम थापी हातात घेऊन उकिडव्या बसल्या होत्या.

"मॅडम, ते होतं तसं परत घाला. डबी, तार, आणि हे."

लीलाताईंनी कमरेची पुरचुंडी काढली. पिवळी चिंधी, सिमेंटनं राखाडी झालेली.

"हे काय आहे?"

सोनिकानं सांगितलं. दोन वाक्यांत. लाजायला वेळ नव्हता.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सोनिकाच्या कडेवरच्या पोरीकडे बघितलं, मग तिच्या पायाला बोट लावलं. बोट लगेच मागे घेतलं.

"माझ्या आजीनं माझी नाळ भिंड रोडच्या शेतात पुरली होती," त्या हळूच म्हणाल्या. "आता तिथं कॉलनी आहे." आणि त्यांनी सडलेली डबी उचलली. "तार कशी होती? किती वेढे?"

"दोन."

त्यांनी दोन वेढे दिले. लीलाताईंनी पुरचुंडी आत ठेवली, स्वतःच्या हातानं, जशी कुणी पाळण्यात पोर ठेवावी. मसाला भरला गेला. थापीचा आवाज चप चप होत राहिला, मग तोही थांबला.

सोनिकानं फोन खांबासमोर धरला. १२.०. माठातून वाटीत थेंब पडत होते. १३.५. मॅडमनीही आपला फोन काढला. दोन्ही फोनांवर तोच आकडा. १७. सडलेल्या डबीचा आकडा. मॅडमनी तो बघितला, फोन उलटा केला आणि फरशीवर पालथा ठेवून दिला.

२३. ३०.

अवंतिका शालीत वळवळली आणि तिनं भोकाड पसरलं. असं भोकाड की पलीकडच्या घरातली बाई खिडकीशी आली. लीलाताईंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "आली बाई, आली." सोनिकानं पाय चाचपला. कोमट. मग ऊन. मग माणसाच्या पोरीचा पाय.

समरजीत डॉक्टरीणबाईंना घेऊन आला तोवर सगळं संपलं होतं. बाईंनी तपासलं, थर्मामीटर लावला, आकडा नीट आला. कोहऱ्यात लेकराला बाहेर काढता कशाला म्हणून रागावल्या आणि गेल्या.

७

मंजिरी मॅडम हात धूत होत्या. सोनिकानं त्यांना टॉवेल दिला.

"थीसिसमध्ये सात खांब लिहीन," मॅडम म्हणाल्या. "हा लिहिणार नाही."

"मॅडम, हे तापलं कशानं?"

"मसाला हो. सिमेंट जमताना तापतं. त्यात काही..." त्या थांबल्या. "त्यात काही विशेष नाही."

"मोठ्या खांबात दोन-चार दिवस तापतं, तुम्ही म्हणाला होता. मग एवढ्याशा मसाल्यात?"

मंजिरी मॅडम टॉवेलला हात पुसत राहिल्या. हात कोरडे झाल्यावरही पुसत राहिल्या.

"संध्याकाळपर्यंत," त्या म्हणाल्या. "फार तर उद्या सकाळ."

एकदा उपटलेलं पहिल्यासारखं आपोआप ऊब धरेल, याची खात्री कुणालाच नव्हती. सुमनताईनं नातीला मांडीवर घेतलं होतं आणि ती तिची कानटोपी खालीवर करत होती. समरजीत उठला. त्यानं पाट आणला, खांबाला लावून ठेवला आणि त्यावर बसला. मग शर्टाची मागची बाजू वर करून उघडी पाठ खांबाला लावली.

"चाय मिळेल का?" तो म्हणाला. "गार आहे हो हा."

आता त्या घरी कधीही गेलात तर कुणीतरी सातव्या खांबापाशी बसलेलं असतं. सकाळी लीलाताई, पाठ टेकून मटार सोलत. दुपारी सोनिका, पोरीला पाजत. संध्याकाळी कामावरून येऊन समरजीत. रविवारी सुमनताई दाना ओलीहून डबा घेऊन येते, आणि महिन्यातून एकदा मंजिरी मॅडमही येतात. फोन बाहेर काढत नाहीत, नुसत्या टेकून बसतात, गप्पा मारतात. पाहुण्यांना वाटतं, काय प्रेमळ घर आहे, सगळी कशी स्वयंपाकघरातच जमतात.

सोनिकाची वही चालू आहे. सात, ३६.६. सात, ३६.४. अवंतिका परवा पहिल्यांदा उभी राहिली, त्याच खांबाला धरून. टाळ्या वाजवायला सगळे पुढे धावले. सोनिकाही उठली. मग तिनं मागे वळून बघितलं. खांबाला कुणीच टेकलेलं नव्हतं.

ती परत खाली बसली, आणि तिनं तिथूनच टाळ्या वाजवल्या.